तिसरा सिलिंडर

पहिल्या शुक्रवारी मी उठलोच नाही.
सुलक्षा दारात येऊन म्हणाली, बरं नाही का?
म्हटलं, आज सुट्टी.
ती हसली नाही, तिला डिचोलीची बस गाठायची होती.
आणि रविवारी पहाटे पाचला
मी दाढी करून, डबा शोधत
स्वयंपाकघरात उभा.

मस्कतच्या बंदरात सतरा वर्षं
टगबोटीच्या पोटात झोपलो.
तिथे आवाज थांबला की जाग यायची,
इंजिन गप्प म्हणजे काहीतरी बिघडलं.
इथे नार्व्यात अख्खी रात्र गप्प
आणि मी तासातासाला उठून बघतो
काय बिघडलंय.

घरात सगळ्याला जागा आहे.
तिच्या चष्म्याला खिडकी,
पंपाच्या किल्लीला फणसाच्या चौकटीतला खिळा,
आगळाच्या बाटलीला फडताळाचा अंधारा कोपरा.
माझा कप रोज वेगळ्या ठिकाणी सापडतो.
पलंगाच्या मधोमध झोपायची तिला सवय.
रात्री झोपेतच सरकते,
सरकताना 'सॉरी' म्हणते,
बसमधल्या शेजारणीला म्हणावं तसं.

पोदेराचा भोंगा तोच, माणूस नवा.
इनास लंडनला गेला म्हणे, हा बसवराज.
तीन उंडे पिशवीत टाकतो:
दोन तिचे, एक मांजराचा.
मी म्हटलं, पाच दे.
पाहुणे किती दिवस आहेत? त्याने विचारलं.
घर माझंच आहे, बाबा.
असं होय, म्हणाला, पण
बाकीचे मोजून आणलेले असतात, साहेब,
उद्यापासून बघतो.
आणि पायडल मारून गेलासुद्धा.
त्या दिवशी मांजर उपाशी राहिलं.

रेशन कार्डावर मी आहे, मतदार यादीत नाही.
मधली वर्षं कुठे होता? क्लार्कने विचारलं.
फॉर्मवर त्यासाठी
दोन बोटं जागा होती.

सकाळी साडेसहाला फेरीबोट दिवाडीला निघते.
पडवीत बसल्या बसल्या ऐकू येतं मला,
तिसरा सिलिंडर अडखळतोय.
सुलक्षाला सांगितलं.
ती म्हणाली, आपल्याकडे दोनच आहेत,
एक चालू, एक भरलेला.

नवव्या दिवशी गेलोच धक्क्यावर.
फेरीवरचा रोहिदास गावस म्हणाला,
कसला सिलिंडर, दहा वर्षं अशीच चालते ही.
इंजिनापर्यंत जाऊ देईना, नियम आहे.
मग वरच उभा राहिलो
कठड्याला तळवे लावून.
पलीकडे गेलो. उतरायला काही काम नव्हतं.
परत आलो.
परत गेलो.
पायी माणसाला भाडं नाही,
त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.
मानशीजवळ एकजण जाळं झटकत होता,
ओहोटी लागली होती
आणि मला किती दिवसांनी
उभ्या उभ्या झोप येत होती.

चौथ्या खेपेला सुलक्षा चढली.
पिशवीत ब्लाऊजचं कापड,
दिवाडीच्या शिंपिणीकडे निघालेली.
मला बघून दचकली नाही,
शेजारी येऊन उभी राहिली.
मधल्या पाण्यात आल्यावर म्हणाली,
कुठला तिसरा?

मी तिचा हात घेतला, कठड्यावर ठेवला.
हा नाही. हा नाही. हा बघ.
थांब. परत. हा.

ती मान कलती करून ऐकत राहिली,
दुधाला उकळी यायची वाट बघताना राहते तशी.
मग म्हणाली, हा होय!
हा तर रोज ऐकते मी,
मला वाटायचं फेरीचं चालणंच तसं.

दिवाडीचा धक्का आला. साखळी खणखणली.
दोन स्कूटर आधी उतरल्या, मग ती.
चार पावलं जाऊन वळली
आणि तिथूनच ओरडून म्हणाली,
दुरुस्त करू नकोस हां तो,
त्याच्यावर मी पेज चढवते.