जावयाचे टाक

सराफ बाजारात मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक नसतं.
खैरनारबाई आल्या, सातपूरहून, रिक्षानं.
पर्समधून चौकटीच्या वहीचं पान काढलं.
टाक करायचेत. तीन. चांदीचे.
कुळ कोणतं, मी विचारलं.
जावयाचं, म्हणाल्या. नॉर्वेचं.

मुलगी बर्गनला. लग्न रजिस्टर, साक्षीदार दोन, थंडी.
जावई म्हणतो, त्या देवांना आता कुणी पुजत नाही,
क्रूस आला त्याला हजार वर्षं झाली.
बाई म्हणाल्या, असं कसं,
घर म्हटलं की मागे कुणीतरी असतंच.
तो हसला, आणि नावं लिहून दिली.

माझ्याकडे ठसे आहेत आजोबांच्या हातचे:
खंडोबा, भवानी, मुंजा, वीर,
हात फिरून फिरून नाकं गुळगुळीत झालेली.
या तिघांचा ठसा कुठला असायला?
मग विचारायचं तेच विचारलं.
वाहन? हातात काय? वार?

पहिला ओडिन. वार बुधवार.
(म्हणजे उद्याच. उद्या गंगेवर बाजार, मेथी, चपला, उंदराचे पिंजरे.)
राजे याला मानत, कवी मानत, फासावर गेलेलेही याचेच.
शहाणपणाच्या बदल्यात एक डोळा झऱ्यात टाकला.
खांद्यावर दोन डोमकावळे, एक विचार, दुसरा आठवण.
रोज जग हिंडून येतात आणि कानाशी लागतात.
दुसरा परतला नाही तर, ही धास्ती त्याला जास्त.

रामकुंडावरचे कावळे मला ठाऊक आहेत.
बापाच्या दहाव्याला सव्वा तास बसलो होतो.
शेवटी एक आला.
कोणता, ते तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

डोळा एकच ठेवायचा.
भिंग लावून मी दुसरा मिटला, सवयीनं.
घोडा आठ पायांचा.
खंडोबाचाच घेतला, चार पाय वाढवले.
पळताना दिसतो, बाई म्हणाल्या. बरं दिसतं.

दुसरा थोर. वार गुरुवार.
शेतकऱ्यांचा, खलाशांचा, ढगांतून गडगडत जाणारा,
लाल दाढीचा, खादाड.
रथाला बोकड. रात्री कापून खायचे,
हाडं न मोडता कातड्यावर मांडायची,
सकाळी बोकड उभे.
हातात हातोडा. लग्नात नवरीच्या ओटीत ठेवत म्हणे.

इथे बाई थांबल्या.
पोरीची ओटी भरायची राहिली हो.
मी हातातली हातोडी खाली ठेवली.
काही वेळानं पुन्हा उचलली.

तिसरी फ्रेया. वारापुढे प्रश्नचिन्ह.
बाळंतिणी हिला हाका मारत,
रणात पडलेल्यांतले अर्धे हिचे.
रथाला दोन मांजरं.
दुकानातल्या मनीवरून काढली,
तिला एकटीलाच दोनदा बसवलं.

पानाच्या मागे बारीक अक्षरात आणखी होतं:
शरदात घरोघरी बाईच पूजा मांडी,
परका दाराशी आला तर,
आत देवाचं चाललंय, पुढचं घर बघा.
आमच्या सासूबाई, खैरनारबाई म्हणाल्या. अगदी.

मग आवाज उतरवून,
स्थळात काही उणं असलं की सांगतात तसं:
हे देव मरतात हो शेवटी.
लांडगा गिळतो पहिल्याला. दुसरा सापाच्या विषानं.
लिहिलंय तसं.

मी म्हटलं, टाकही झिजतात.
दर सणाला चिंच लावून घासता तुम्ही.
आधी डोळे जातात, मग नाक,
मग नुसती चांदी उरते, देवाच्या आकाराची.
ती गंगेत सोडायची आणि नवे करायचे.
माझं दुकान त्याच्यावरच चालतं.

धुळवडीला वीर निघाले.
संबळ, गुलाल, घामाघूम घाट.
खैरनारबाई दिसल्या, खोबऱ्याच्या वाटीत तिघं,
दुसऱ्या हातात मोबाईल, त्यात लोकरी टोपीतली मुलगी
आणि तिच्या खांद्यामागून डोकावणारी एक लाल दाढी.
बाईंनी तिघांना रामकुंडात बुचकळून काढलं.

शेजारच्या वीरवाल्यानं विचारलं, कुणाचे?
जावयाचे.
मग नाचवा की.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं,
चार पावलं नाचल्या.
मग, कुणी बघत नाहीसं वाटून,
आणखी चार.