कसा आलाय?

नागरमोथा मी शिंगणापूरच्या उसातून आणते.
तिथं तो तण. लोक त्याला शिव्या घालत उपटतात,
बांधावर फेकतात,
मी पोतं घेऊन उभी राहिले की हसतात :
"ने की बाई, सगळा ने. मुळासकट ने."
त्याच्या काळ्या गाठी तीन पाण्यांत नुसती माती सोडतात.
चौथ्या पाण्यात वास उठतो,
ओल्या पाटीवर पेन्सिल घासल्याचा.
दस्तगीरचाचा म्हणायचे, चंदन काय कुणीबी वळखंल,
त्याची किंमतच वास मारती.
नाक तपासायचं तर तणावर तपासावं.

राळ कानानं घ्यायची.
लक्ष्मीपुरीत पितळी पारड्यात खडा टाकायचा,
टण् वाजला तर घ्यायचा,
ठप् वाजला तर दुकानदाराकडं बघायचं फक्त.
गुग्गुळ मुठीत धरून दोन गल्ल्या हिंडून यायचं.
माणसाच्या उबेला जो मऊ होत नाही
तो निखाऱ्याचं काय ऐकणार?
दवणा चैत्रात, जोतिबाची गर्दी डोंगर उतरल्यावर,
पण विकून उरलेला; वाहिलेला नाही.
देवाला दिलेलं पुन्हा जाळायचं नसतं
हे मला टोपीवाल्या चाचांनी सांगितलं.

जटामांसी जरा.
जरा म्हणजे किती?
"जेवून उठल्यावर आलेल्या पाव्हण्याला
जेवतोस का इचारतो, तेवढी."

गूळ ही माझी अक्कल.
शाहूपुरीतून पिवळीधमक ढेप आणली,
म्हटलं कोल्हापूरची उदबत्ती आणि गूळ नको?
धूर चांगला आला, गुऱ्हाळाच्या चुलवणावरून येतो तसा.
तिसऱ्या सकाळी मुंग्यांनी
अकराशे काड्या बांबूपर्यंत सोलून ठेवल्या होत्या.
चाचा हसून हसून खोकले. मग वहीत लिहिलं :
गूळ – मुंग्यांना आवडला.

गेल्या थंडीत त्यांना ताप आला. आठ दिवस.
नवव्या दिवशी येऊन पाटावर बसले,
जिगट, कोळसा, मोथा, वाळा,
लगदा मळला, बोटावर घेऊन नाकाशी नेला,
जरा जास्त वेळ धरला,
आणि म्हणाले, "हौसा, कसा आलाय?"

बारा वर्षांत हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.
मला वाटलं परीक्षा घेतायत.
दुसऱ्या दिवशी पुन्हा.
तिसऱ्या दिवशी मी कचोरा काढून घेतला
आणि कोळशाच्या पुडीत लपवून हळद ठेवली.
त्यांनी मळलं. हुंगलं.
"ब्येस," म्हणाले.
ती पाटी मी मागच्या दारानं नेऊन ओतली.
घरी गेले तर भाजीला फोडणी टाकताना
हळदीचा डबा उघडवेना.

आता रोज मी त्यांना वास सांगते.
चांगला म्हणून भागत नाही, वाईट म्हणून तर नाहीच.
"वाळा पुढं येऊन बसलाय," मी म्हणते,
"मोथा भिंतीला टेकून. दवणा नुसताच येरझाऱ्या घालतोय.
राळ दारातच उभी, आत बोलावलं तर येत नाही."
ते डोळे मिटून ऐकतात, बोटं लगद्यात.
"मग चिमूटभर कापूरकाचरी टाक. ती हाताला धरून आणंल तिला."
मी टाकते. काडी वळते, सावलीत सुकवते, पेटवते.
आणि खरंच,
राळ आत येते.

महाद्वार रोडचा निकम पेढी उघडायच्या आधी येतो,
दोनशे पुडे उचलतो, म्हणतो,
काय नाक आहे हो म्हाताऱ्याचं.
मी पैसे मोजते. चाचा काड्यांचे गठ्ठे सारखे करतात.

काल मोथ्याचं माप विसरले म्हणून वही काढली.
मागं मागं जाताना थंडीतलं पान आलं.
त्यांचंच अक्षर, काना जरा तिरका :
हळद – हात धुताना पिवळे झाले.
ब्येस म्हणालो.