अन्य दाद

प्रत्येक दाव्याच्या शेवटी मी एक ओळ टंकायचो,
अशिलाला न विचारता,
पत्राखाली 'कळावे' लिहितात तशी:
'आणि माननीय न्यायालयास योग्य वाटेल ती अन्य दाद मिळावी.'
फोर्टात, सिटी सिव्हिलच्या फाटकाबाहेर,
एकतीस वर्षं.
कागद संपत आला तर ओळींतलं अंतर दाबून बसवायचो,
पण सोडली नाही कधी.

कुसुम चुरी माझगावहून आली होती.
दोन खोल्या, मधे एक दार.
भावानं पलीकडून खिळे ठोकलेले. चार.
मोरी पलीकडे.
"काय मागायचं?"
"खिळे काढून द्यावेत."
"आणि?"
"आणि काय? खिळेच."
मी खिळे लिहिले. खाली, सवयीनं, ती ओळ.

भाऊ मोरेश्वर, गोदीत टॅलीक्लार्क.
त्याच्या जबाबात सगळं खिळ्यांचंच:
मुलगा आठ वर्षांचा, झोपेत चालतो,
एका रात्री त्याच दारातून
पार गॅलरीच्या कठड्यापर्यंत गेला होता.
डॉक्टरचा कागद जोडला.
हातोडीची पावतीसुद्धा, कोण जाणे कशाला.
भिंतीबद्दल एक अक्षर नाही.
भिंतीचं कुणी विचारलंच नव्हतं.

साहेब वाईट नव्हते. हे लिहायलाच हवं.
तारखांची आठ वर्षं त्यांनी चाळली,
दोघांचे उतरलेले चेहरे पाहिले
आणि कळवळून हुकूम दिला:
दाराच्या जागी पक्की भिंत,
बहिणीला वेगळी मोरी, खर्च निम्मा-निम्मा,
खोल्या कायमच्या विभक्त.
एकदाची कटकट मिटली, म्हणाले.
आधार?
शेवटची ओळ. माझी.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.
देवाचं ठीक आहे,
त्याच्यासमोर प्रतिवादी उभा नसतो.
कोर्टाला दुसरा डोळा
कुणाच्या तरी खोबणीतूनच काढावा लागतो,
आणि ज्याचा काढायचा
त्याला निदान आधी सांगायला नको?

कुसुम बाहेर येऊन माझ्या बाकड्यावर बसली.
"जिंकलात की," मी म्हटलं.
ती निकालाची नक्कल उलटसुलट करत राहिली.
"दार बंद होतं तरी खाली फट होती हो.
भाच्याला चिक्की सरकवायचे मी.
भिंतीला फट ठेवतात का?"

विटा येऊन पडल्या, जिन्याखाली.
मग अपील, मग स्थगिती.
हायकोर्ट शेजारीच, चालत चार मिनिटं;
पुकारा व्हायला सहा वर्षं.
तोवर विटांचा कुणी ओटा केला,
दोन कुणाच्या पिंपाखाली गेल्या,
एकीनं कुणाची तरी खिडकी फुटली,
पण तो वेगळा दावा.

अपिलात बहीणभाऊ एकाच बाजूला उभे.
"मग भांडण कुणाशी?" न्यायमूर्तींनी विचारलं.
"निकालाशी," मोरेश्वर बोलून गेला,
वकिलानं तोंड उघडायच्या आत.

दीड पानी निर्णय.
मागितलंच नाही ते देता येत नाही;
ज्यावर बोलायची पाळी आली नाही
ते कुणाच्या माथी मारता येत नाही.
भिंत रद्द.
खिळ्यांचा दावा पुन्हा ऐकावा.

म्हणजे चौदा वर्षांनी
गाडी परत त्या चार खिळ्यांवर.
मुलगा बाविशीचा झालाय, झोपेत चालत नाही.
त्यांनी खिळे काढले की राहू दिले,
ठाऊक नाही.
मी विचारलं नाही, मला कुणी सांगितलं नाही.

हल्ली शेवटच्या ओळीशी मी थांबतो.
"अजून काही हवंय?" विचारतो.
वकील चिडतात, राहू दे की, जातंय काय तुझं.
अशील मात्र वर बघतात,
ओठांतल्या ओठांत हिशेब करतात.
परवा एक गिरणवाला म्हणाला,
"नको. त्याचा पंखा माझ्या खिडकीसमोरून हलवा, एवढंच.
बाकी आमचं आम्ही बघू."

मी पूर्णविराम दिला.
खाली तीन बोटं कागद कोरा राहिला.
तसाच उपसून त्याच्या हातात दिला.