निव्वळ वजन

जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो मी, मानवत–पाथरी रस्त्याला.
आधी भरलेली गाडी, मग खाली गाडी,
वजा करायचं. उरतो तो कापूस.
बावीस सीझन हेच केलं, त्यामुळं
कादंबरीसुद्धा मला दोनदा तोलावी लागते,
एकदा वाचताना आणि एकदा
मिटून ठेवल्यावर, आठ-पंधरा दिवसांनी.

दिवाळीपासून चार झाल्या.

पहिली सहाशे चाळीस पानांची, पुरस्कारवाली.
वाचनालयाच्या चंदाताई लाखे म्हणाल्या, न्या, कुणी नेत नाही.
पाणी मारलेलं आहे हो तिच्यात.
आमच्याकडंही मारतात कापसावर, पहाटे, गाडी भरताना,
आत बोटं खुपसली की कळतं.
प्रत्येक पानावर एक संध्याकाळ होते
आणि प्रत्येक संध्याकाळ कातर असते.
तरी तिच्यातला तो पंक्चर काढणारा म्हातारा,
दोनच पानं आहे बिचारा,
अजून माझ्या दारातून हलला नाही.
म्हणजे सहाशे चाळीसमधली दोन.
पुष्कळ गाड्यांत तेवढंही निघत नाही.

दुसरीत आमचाच भाग आहे म्हणे.
माणसं 'लई' म्हणतात, 'बगा' म्हणतात,
वाक्यावाक्यात, मिठाचा डबा सांडल्यासारखं.
आणि लेखकानं बाया कापूस वेचायला लावल्यात चैत्रात.
चैत्रात! अहो, तोवर पऱ्हाट्यासुद्धा
चुलीत जाऊन राख झालेल्या असतात.
मी पुस्तक मिटलं. मग परत उघडलं,
कारण त्यांतली एक, द्वारका नावाची,
मजुरीवरून मुकादमाला जे बोलते ना,
ते कुणीतरी बांधावर उभं राहून ऐकलंय.
घरी बसून तसलं सुचत नाही.

तिसरी टाकून दिली. बंगला, खून, पोलीस.
खुनी मला एकशे दहाव्या पानावर कळला,
लेखकाला दोनशे नव्वदाव्या.

चौथीचं काय सांगू.
बारीक आहे, एकशे चार पानं.
एक बाई नवऱ्याशी बोलणं बंद करते. बस्स.
मारहाण नाही, भांडण नाही, कारणसुद्धा नाही.
एका घरात नऊ वर्षं,
डबा वेळेवर, शर्टाला इस्त्री, तोंडातून शब्द नाही.
मी म्हटलं, हलकी. काटा हललासुद्धा नाही.
असं कुठं असतंय.

मग सत्त्याऐंशीव्या पानावर, समासात,
पेन्सिलीनं, बारीक ताठ अक्षरात:
'माझ्या आईनं अकरा वर्षं.'

एवढंच. पूर्णविराम दिलेला.

रात्रपाळी होती, बाहेर सात ट्रॅक्टर रांगेत.
मी पहिल्यापासून घेतली,
आणि जिथं काही घडत नाही म्हणून
भराभर पानं उलटली होती,
तिथं थांबत गेलो.
एका ठिकाणी ती नुसती ताटावर झाकण ठेवते,
आणि मग उचलून बघते, निवलं का.
हे पान मी आधी वाचलंच नव्हतं.

मुदत वाढवायला गेलो तेव्हा विचारलं,
माझ्याआधी कुणी नेली होती ही?
चंदाताईंनी कार्डावर बोट फिरवलं. सहा जणांनी.
आणि म्हणाल्या, पुस्तकात लिहिणाऱ्याला दंड आहे आता,
तुम्हाला काही दिसलं का कुठं?
नाही, म्हटलं.
बावीस सीझनमध्ये खोटं वजन सांगितलं नव्हतं.
एकदा सोडून, ते वेगळं.

परवा पाथरीकडचा आसाराम
गाडी काट्यावर लावून केबिनमध्येच बसून राहिला.
खिडकीतून ओरडला, काय वाचायलाव साहेब?
सांगितलं. एक बाई बोलणं बंद करते.
स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून म्हणाला, मग?
मग काय, तू आधी उतर,
तुझंबी वजन लागायलंय कापसात.
उतरला. आकडा सत्तर किलोनं खाली आला.
मी पावती फाडली, पुढं केली.
मागचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता.
त्यानं पावती घेतली, घडी घातली, खिशात ठेवली,
आणि तिथंच उभा.

'बोलली का मग ती?'