हातचा एक

रात्री भट्टी निवत आली की
मी लॅपटॉप उघडते, ओट्यावर, पिठाच्या डब्याशेजारी.
सासरे दारातूनच विचारतात, "किती?"
गेनादियेंना एकच आकडा कळतो: विकले किती.
पन्नास वर्षं होरेझूच्या रस्त्याकडेला
फळी मांडून बसलेला माणूस,
त्याला भवानी कळते,
आणि भवानीशिवाय गेलेला दिवस.

मी सांगते, अठराशे चाळीस.
"एवढे विकले?"
नाही बाबा, एवढ्यांना दिसले.
"दिसले म्हणजे पाहिले?"
नाही. दिसले. पुढून सरकले.
बसमधून शेजारच्या गावाची घरं दिसतात तसे.
स्क्रीनवर याला इम्प्रेशन म्हणतात, म्हणजे ठसा.
ते आपल्या अंगठ्याकडे बघत राहतात.
ठशाला माती ओली लागते, म्हणतात,
आणि झोपायला जातात.

त्यातल्या बासष्ट वेळा कुणी उघडून पाहिलं.
सात जणांनी बदाम दाबला.
(बदाम दाबायला पैसे पडत नाहीत, हे मला उशिरा कळलं.)
घेतलं कुणीच नाही.

खटपट केली. फोटो खिडकीपाशी काढला,
नावात 'कोंबडा' आधी आणला, 'वाडगा' नंतर.
नऊ लेइ उतरवले.
नवऱ्याला सारागोसाला फोन केला,
तो ट्रकमधून म्हणाला, धीर धर, आणि बोगदा आला.
बुधवारी बाण हिरवा झाला, गुरुवारी लाल.
का, ते विचारायला समोर कुणी नाही.
फळीवर बाबांना कळायचं:
बाईनं ताट उचललं, नवऱ्याकडे पाहिलं,
खाली ठेवलं.
तेही शून्यच, पण त्याला चेहरा होता.

माझ्या शून्याला नुसतं शहर आहे. त्रोन्हाइम.
तिथून कुणीतरी कोंबड्याचा वाडगा
महिन्यात एकतीस वेळा उघडला.
म्हणजे निम्मी गर्दी एकच माणूस होती,
रात्री दोनच्या सुमाराला येणारा.

आता सांगते ते बाबांनाही सांगितलं नव्हतं.
तो वाडगा नाही.
फेब्रुवारीतच फुटला, पुसताना, माझ्याच हातून.
कोंबड्याची मान एका तुकड्यावर, शेपूट तिसऱ्यावर,
सगळं बिस्किटांच्या डब्यात, वर फडकं.
यादीतून काढायला गेले
तर तोच सगळ्यांच्या वर, आणि खाली: उपलब्ध १.
दुकानातली सर्वांत जास्त पाहिली जाणारी वस्तू
दुकानात नव्हती.
उद्या काढते, म्हटलं.
उद्या त्रोन्हाइमहून बत्तिसावी वेळ.

काल पहाटे ऑर्डर आली.
टोरब्योर्ग नावाची बाई, चौथा मजला.
"भेटवस्तूसारखं बांधू नका. माझ्यासाठीच आहे."
बाण इतका हिरवा मी कधी पाहिला नव्हता.
विक्रीचं प्रमाण शून्यावरून एक पूर्णांक सहा,
खाली शाबासकीचं वाक्य.
मी डबा घेऊन चाकाच्या खोलीत गेले.

"किती?" बाबांनी विचारलं.
विकला एक, म्हटलं. आहेत अकरा.

त्यांनी झाकण उघडलं. रागावले नाहीत.
मान असलेला तुकडा उजेडात धरला,
रेघ जिथे चुकली होती तिथे नख फिरवलं.
मग मातीचा गोळा चाकावर आपटून
शाळेतल्या पोरासारखे पुटपुटले,
हातचा एक.

मी शिंगात रंग भरून ठेवलाय.
टोरब्योर्गला लिहिलंय, होतं ते सगळं,
की हा कोंबडा तो नसेल,
तीन आठवडे लागतील, नको असेल तर पैसे परत.
दुपारपर्यंत उत्तर नाही.
आकडा मात्र हलला.
पाहिलं: १.