चुंबळ

तिकीट दहा रुपये. कॅमेऱ्याचे वेगळे पन्नास.
मुरूडच्या जुन्या जकात कोठीला पिवळा रंग दिलाय
आणि आत तीन खोल्यांत आणून ठेवलाय डोंगर.
कारवीचा कूड, त्यावर शेण,
वासाशिवायचं शेण, व्हार्निश मारलेलं.
खिडकीबाहेर समुद्र येतो, जातो,
त्याला कोणी तिकीट विचारत नाही.

पहिल्या खोलीत जात्यापाशी एक बाई. प्लास्टरची.
पेणहून आणली म्हणतात, गणपतीचा हंगाम सरल्यावर,
तिथल्याच एका कारखान्यातून.
हात राबते केलेत, टाचांना भेगा कोरल्यात,
पण डोळे आखणाऱ्याची सवय मोडली नसावी:
गौरीचे डोळे उतरलेत तिच्या तोंडावर,
लांब, निवांत, कुणाकडे काही मागणं नसलेले.

असे डोळे घेऊन कोणी येत नव्हतं आमच्या दारी.
ठमी यायची फणसाडच्या रानातून, पहाटे निघून,
तिचे डोळे आधी कुत्र्यावर,
मग आयच्या हातांवर,
मग सुकटीच्या टोपलीवर.
एका मोळीला दोन ओंजळी जवळा, मूठभर खडं मीठ.
होड्या शाकारल्या की आयची ओंजळ लहान व्हायची.
मी बघितलंय ते. ठमीनेही.
कोणी बोललं नाही.

दुसऱ्या खोलीत गलोल, मध काढायचा दोर,
छतापासून टांगलेली मळई.
'मासे पकडण्याचे साधन. बांबू.'
निळ्या गणवेशातला राखणदार मागे येऊन उभा राहिला,
बाह्या त्याला दोन बोटं लांब.
छातीवर नाव: सुदाम हिलम.
"उलटी टांगलीय," तो हळूच म्हणाला,
"साहेबांना सांगितलं मी. म्हणाले, अशी छान दिसते."
मग थोडा वेळ वर बघत राहिला,
"मासा शिरेल कुठून?"

तिसऱ्या खोलीत फक्त काचेचं कपाट,
लाल मखमलीवर, देवाला ठेवावी तशी, चुंबळ.
'कातकरी. जुने कापड. काळ: अज्ञात.'

मोरपंखी काठ.
काठाजवळ जळकं भोक,
भोकावर निळ्या नायलॉनच्या दोऱ्याचे टाके,
शेवटची गाठ जाळ्याची, दुहेरी, ओढली की आवळणारी.
रानात ही गाठ कोणी मारत नाही.
ही गाठ आय मारायची, दातात दोरा धरून.

काळ अज्ञात नाही.
होळीच्या आदल्या दिवशी जवळा संपला होता,
म्हणजे आय म्हणाली संपला,
पाटाखाली अर्धं टोपलं होतं.
मोळी मात्र आत घेतली गेली होती.
आयने हे फाटकं लुगडं पुढे केलं, हेच घे म्हणाली.
ठमीने ओट्याखाली बसूनच ते पिळलं, गोल केलं,
डोक्यावर ठेवून बघितलं,
आणि रिकाम्या डोक्याने चढाला लागली,
नुसती चुंबळ घालून.

"हात नको, बाई, काचेला."
मी म्हटलं, हे आमच्या घरचं आहे.
सुदाम हसला, न रागावता.
"परवा एक जण आले होते. कोयता बघून म्हणाले,
हा आमच्या वाडीतला. चोरीला गेलेला."

नाही रे, हे चोरीचं नाही, दिलेलं आहे,
असं म्हणायला तोंड उघडलं
आणि 'दिलेलं' हा शब्द
जिभेवर काट्यासारखा आडवा झाला.

दाराशी अभिप्रायाची वही, दोऱ्याने बांधलेलं पेन.
वरच्या ओळीत पुण्याच्या एका कुटुंबाचं
'खूप माहितीपूर्ण'.
मी लिहिलं, मळई सरळ टांगावी.
मग खाली जागा उरली होती म्हणून:
एका मोळीचा जवळा, दोन ओंजळी. देणं बाकी.

सुदामने वही आपल्याकडे फिरवली,
बोट ठेवत ठेवत वाचलं,
दोनदा वाचलं असावं.
पेन परत माझ्याकडे सरकवलं.
"पत्ता लिहा," म्हणाला, "रकाना आहे."