विषय निवड अर्ज, सत्र तिसरे

अर्ज पाठपोट आहे.
पुढे माझं नाव, मागे माझी येणारी वर्षं
चौकोनांत बसवलेली.
मुख्य विषय : संगीत. तिथे पेन अडलं नाही.
पुढच्या ओळीवर आठ दिवस अडलंय.

मंगळवार, अकरा ते एक :
मंचप्रदर्शन, चार श्रेयांक.
मंगळवार, अकरा ते एक :
बालमानसशास्त्र, चार श्रेयांक.
वेळापत्रक लावणाऱ्याला वाटलं असेल,
दोन्ही एकाच मुलीला कशाला लागतील?

तडवळकर मॅडम म्हणाल्या, गळा आहे तुला,
तो वर्गात खर्च करू नकोस.
खर्च, म्हणाल्या.
मी झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर जमा मांडत बसले :
पदवी, मग बी.एड., मग पात्रता परीक्षा,
मग तासिका तत्त्वावर कुठेतरी
हडपसर किंवा धायरी,
मग एक रेघ ओढली,
रेघेखाली काय लिहायचं ते सुचेना.

बाबा बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतात.
कोटाचं सोनेरी बटण टाचता टाचता
त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला.
म्हणाले, वाजवणाऱ्याला लगीनसराई असते,
शिकवणाऱ्याला एक तारीख.
आणि मग, दोरा दातांनी तोडत :
पण मला विचारू नकोस.
मी तेवीस वर्षं चालत वाजवलंय,
बसून ऐकणारं कोणी
अजून बघितलेलं नाही.

शनिवारी निरीक्षणासाठी
जनवाडीच्या शाळेत गेले.
स्टॉपवरून चढ. पेटीचा भाता उसवलेला,
मंद्रातला एक गंधार दाबला की दाबलेलाच राहणारा.
चाळीस मुलं, एक प्रार्थना,
आणि शेवटच्या बाकावर ओवेस बागवान,
जो जागचा हलत नव्हता.
म्हणजे सूर. पोरगा भरपूर हलत होता.
सगळे वर गेले, तो तिथेच.
सगळे उतरले, तो तिथेच,
पाहुणे निघून गेल्यावरही
दारात उभा असल्यासारखा.

त्याला नुसते ओठ हलवायला सांगितलंय,
पुढची मुलगी चुगली करत म्हणाली.

मी पेटीवर त्याला शोधायला निघाले.
काळी चार, नाही. पांढरी सहा, नाही.
काळी पाच, हां, किंचित खाली.
म्हटलं, ओवेस, तू फक्त धर.
आणि तुम्ही सगळे,
हा जिथे आहे तिथून निघायचं.

चाळीस मुलं त्याच्या उंबऱ्यातून निघाली.
छान झालं असं म्हणता येणार नाही.
तिसरी ओळ कोसळली, दोघं खिदळली,
एकाचं दप्तर पडलं, तितक्यात घंटा झाली.
पण शेवटचा अक्षरभर
सगळे फिरून त्याच्याकडे आले होते,
आणि तो डोळे घट्ट मिटून
काहीतरी जड उचलल्यासारखा
धरून उभा होता.

जाताना विचारलं त्याने : उद्या पण धरू?
म्हटलं, उद्या रविवार.
मग सोमवारी?
सोमवारी मी नव्हते.
निरीक्षण एका दिवसाचं होतं,
श्रेयांक अर्धा.

आज पाचपर्यंत मुदत.
मेट्रोच्या खांबाखाली
अर्ज गुडघ्यावर धरून
मी बालमानसशास्त्रावर खूण केली,
आणि मंचप्रदर्शनाच्या चौकोनाखाली
पेनचं टोक टेकलं, जरा जास्तच वेळ.

खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर केला.
हा ठिपका कसला? खाडाखोड चालत नाही.

खाडाखोड नाही ती, मी म्हटलं.
आमच्यात सुराखाली ठिपका दिला
की तो मंद्रात म्हणायचा.

त्यांनी शिक्का मारला.
पुढे या, म्हणाल्या,
माझ्या मागच्या मुलाला.